सोळातल्या पाच पट्ट्या

प्रश्न : लेकीचं लग्न माघात आहे. तिला द्यायला डबल कॉटची लोकरीची चादर म्हणून गेल्या दिवाळीत क्रोशाचं काम चालू केलो. सहा इंची चौकोन, आडवे 14 आणि उभे 16, एकूण 224. आषाढ संपत आला, झालेत 70. पिशवी बघितली की पोटात गोळा येतो. इकडं पाऊस लागला की लाईट जाते. जाऊबाई विचारतात, नातवाच्या बारशाला तरी होईल काय? आता काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : अक्का, तुमचं ‘केलो’ मी ‘केलं’ करून छापायला दिलेलं नाही. बेळगावच्या शहापुरात घरी मीही तसंच ‘बोलतो’.

आधी ते 70 पिशवीतून बाहेर काढा आणि चौदा-चौदाच्या ओळी लावा. पाच पट्ट्या भरतात बघा, एकही चौकोन उरत नाही. सोळातल्या पाच झाल्या. आजच त्या जोडायला घ्या. माझे वडील वडगावात हातमागावर बसायचे. एका ताण्यावर, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या सुतावर, ओळीनं कितीतरी साड्या निघतात, पण ताणा किती उरलाय हे विचारलेलं त्यांना आवडायचं नाही. चालू साडीचा पदर कुठवर आला, एवढंच सांगायचे.

सगळं जोडकाम शेवटी ठेवायची चूक मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या चादरीचे चौकोन दोन वर्षं डब्यात साठवले. काढून बघते तर सुरुवातीचे घट्ट, नंतरचे सैल, अर्धा-अर्धा इंच फरक! चौदा चौकोनांत सात इंच. ती चादर माळ्यावर आहे, एका अंगाला पसरट, सुपासारखी. तेव्हा पुठ्ठ्याचा सहा इंची चौकोन कापून पिशवीत ठेवा आणि विणलेला प्रत्येक चौकोन त्यावर ठेवून बघा. सैल होत असेल तर सुई एक नंबर बारीक घ्या. दोऱ्याची टोकंही त्याच दिवशी आत ओवून टाका. 224 चौकोनांची टोकं लग्नाच्या आदल्या आठवड्यात ओवायची म्हटलं तर हळद तुम्हालाच लावावी लागेल, दुखऱ्या बोटांना.

आता हिशेब. उरले 154. रोज एक म्हटलं तर दोन आठवड्यांत एक पट्टी, अकरा पट्ट्यांना 22 आठवडे. गणपतीत आणि दिवाळीत सुई हातात येणार नाही, ते दहा-बारा दिवस वेगळे धरा. श्रावणात सुरुवात केलीत तर पौष सरता सरता विणून होईल आणि काठाला थोडे दिवस मिळतील. एखाद्या दिवशी चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोन करायला बसू नका, मनगट धरतं. रविवारी भरून काढा.

लोकर मात्र आत्ताच बघा. किराणा दुकानातल्या काट्यावर एक चौकोन तोलून घ्या. समजा 15 ग्रॅम भरला, तर 100 ग्रॅमच्या गुंडीत सहा बसतात, म्हणजे उरलेल्यांना 26 गुंड्या. जोडाला आणि काठाला आणखी. गुंडीच्या कागदावर लॉट नंबर असतो, तो जुळवून घ्या. नाहीतर तोच गुलाबी रंग दिवसाउजेडी दोन तऱ्हेचा दिसतो. जुना लॉट मिळालाच नाही तर नवी लोकर एकाच पट्टीत घालू नका, सगळ्या उरलेल्या पट्ट्यांत पांगवा.

लाईटचं म्हणाल तर गडद निळे, काळे चौकोन दुपारी दाराशी बसून करा, संध्याकाळला पांढरे-पिवळे ठेवा. पांढऱ्या लोकरीत खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, कंदिलाच्या उजेडातही मोजता येतात.

आणि जाऊबाईंना एक पट्टी जोडायला द्या. नुसत्या मुक्या खांबांचं, म्हणजे आखूड टाक्यांचं काम आहे, बोलत बोलत होतं.