वाचकांचे प्रश्न : पतसंस्थेची खुर्ची आणि आमदारांचे दार

या वेळच्या टपालात खान्देशातल्या पतसंस्थांचे प्रश्न जास्त होते. त्यातले चार निवडले आहेत.

आमच्या पतसंस्थेत निवडून आलेले १३ आणि २ तज्ज्ञ संचालक आहेत. पॅनलमध्ये ठरलेल्या आवर्तनाप्रमाणे (अध्यक्षपद आळीपाळीने) अध्यक्षांनी राजीनामा द्यायला हवा होता, तो ते देत नाहीत. आम्ही सात जण एकत्र आहोत. मासिक सभेत बहुमताने ठराव करून अध्यक्ष बदलता येईल का?
– एक संचालक, पारोळा

नाही. आवर्तन हा पॅनलमधला शब्द आहे, कायदा तो ओळखत नाही. काही ठिकाणी निवडीच्या दिवशीच तारीख न घातलेला राजीनामा लिहून घेतात. असा कागद पुढे केला की 'मी दिलाच नाही' असा अर्ज येतो आणि सगळे सहा-सहा महिने सुनावणीला हेलपाटे घालतात. त्यापेक्षा मध्यस्थ बसवून ताजा, तारखेचा राजीनामा मिळाला तर उत्तम.

तो मिळाला नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधील कलम ७३-१ड चा अविश्वास प्रस्ताव हाच मार्ग उरतो. इथे तुमचे गणित चुकते आहे. प्रस्तावासाठी सभा बोलावण्याच्या मागणीपत्रावर एक तृतीयांश सह्या लागतात, म्हणजे १३ पैकी ५. त्या तुमच्याकडे आहेत. मंजुरीला मात्र दोन तृतीयांश लागतात आणि ते हजर असलेल्यांचे नव्हे, मतदानाचा हक्क असलेल्या एकूण संचालकांचे. १३ चे दोन तृतीयांश ८.६७ होतात, म्हणजे ९ मते हवीत. सातांवर प्रस्ताव पडेल, आणि पडलेला प्रस्ताव लगेच पुन्हा आणता येत नाही. एखादी जागा रिकामी असेल तर १२ धरा : सह्या ४, मते ८. तज्ज्ञ संचालकांना पदाधिकारी निवडण्याचा हक्क नसतो, त्यांना मोजू नका.

मागणीपत्र संस्थेच्या कार्यालयात देऊन उपयोग नाही. ते सहकार खात्याच्या निबंधकांकडे, म्हणजे तुमच्या संस्थेवर ज्यांचा अधिकार चालतो त्या सहायक किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे द्यायचे आणि आवक शिक्का घ्यायचा. पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत ते सभा बोलावतात, आणि नोटीस निघाल्यापासून १५ दिवसांच्या आत ती व्हावी लागते. सभेचे अध्यक्षपद निबंधक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी घेतो. मत गुप्त राहत नाही : बाजूने कोण, विरोधात कोण, ही नावे सभेत वाचून इतिवृत्तात लिहिली जातात. 'मतदानाला बघू' म्हणणारा संचालक त्या दिवशी गावाला जातो, तो याचमुळे. नऊ नावे पक्की असल्याशिवाय पत्र देऊ नका. अध्यक्ष पदावर आल्यावर किती काळ उलटल्यावर प्रस्ताव आणता येतो, या मुदतीचा आजचा मजकूर निबंधक कार्यालयातून आधी वाचून घ्या. जुनी छापील पुस्तके पाहून केलेले अर्ज याच मुद्द्यावर फेटाळले जातात.

आमच्याकडे अध्यक्ष बदलले. भांडण नाही, पण कार्यभार म्हणून फक्त शिक्का आणि किल्ल्या मिळाल्या. अजून काय घ्यायला हवे?
– व्यवस्थापक, दोंडाईचा

सोनेतारणापासून सुरुवात करा. जुने-नवे अध्यक्ष, व्यवस्थापक आणि एक संचालक यांनी तिजोरी एकत्र उघडावी. प्रत्येक पाकिटाचा क्रमांक कर्जखात्याशी आणि वजन नोंदवहीशी जुळवावे. सील तुटलेले पाकीट वेगळे ठेवून सराफाकडून फेरतपासणी करून घ्यावी. यादीच्या प्रत्येक पानावर चौघांच्या सह्या हव्यात. 'नंतर बघू' म्हणून सोडले, तर पुढे निघालेली तफावत कोणाच्या काळातली हे ठरवता येत नाही.

मग बँका. सही बदलाचा ठराव, इतिवृत्ताची प्रमाणित प्रत आणि नमुना सह्या जिल्हा बँकेसह प्रत्येक बँकेत एकाच दिवशी पोहोचवा. एका बँकेत जुनीच सही राहिली की नेमका दिवाळीच्या तोंडावर, कापसाचा पैसा फिरत असताना, चेक परत येतो. संस्थेच्या मुदत ठेवींच्या मूळ पावत्या मोजून घ्या. कोऱ्या चेकबुकांचे क्रमांक लिहून काढा. माजी अध्यक्षांच्या सहीने दिलेला चेक तारखेपासून ३ महिने वटू शकतो, म्हणून अजून न वटलेल्या चेकची यादी वेगळी करा. संगणक प्रणालीचे आणि टीडीएसच्या लॉगिनचे पासवर्ड, त्यांना जोडलेले मोबाइल नंबर हेही बदला. ओटीपी माजी अध्यक्षांच्या फोनवर जात राहतो आणि विवरणपत्राची मुदत टळते.

अल्पबचत प्रतिनिधींना, म्हणजे घरोघरी जाऊन बचत गोळा करणाऱ्यांना, तोंडी निरोप देऊ नका. ठेवीदाराला बदलाची बातमी त्यांच्याकडून कळते आणि ती रंगवून सांगितली की काउंटरवर रांग लागते. नव्या अध्यक्षांच्या सहीचे, तरल निधी (लगेच रोख करता येणारी रक्कम) आणि लेखापरीक्षण वर्ग (लेखापरीक्षणात मिळालेली श्रेणी) लिहिलेले अर्ध्या पानाचे पत्र प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात द्या.

तालुक्यातील पतसंस्थांची वसुलीची प्रकरणे रखडली आहेत. आम्ही सगळे मिळून आमदारांना निवेदन दिले. पेपरात फोटो आला, पुढे काहीच झाले नाही. काय चुकले?
– सचिव, शहादा

बहुधा निवेदनातच चुकले. अशा निवेदनात दहा मागण्या असतात आणि दहावी पहिलीशी भांडत असते. आमदार सहायक निबंधकांना 'अमुक दाखला द्या' असे सांगू शकत नाहीत, कारण कलम १०१ चा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश, सुनावणी घेऊन द्यायचा असतो. त्यांना करता येते ते वेगळे : रिकामी पदे, सुनावणीची गती आणि नियमातील अडचण सभागृहात मांडणे.

म्हणून आधी उशीर कुठे होतो ते शोधा. एका पानाचा तक्ता करा : संस्था, अर्जाची तारीख, पहिल्या सुनावणीची तारीख, दाखल्याची तारीख, जप्तीची तारीख, अपसेट किमतीचा (लिलावातील किमान किमतीचा) प्रस्ताव पाठवल्याची तारीख, मंजुरीची तारीख. दाखल्याआधीचा उशीर आणि दाखल्यानंतर नियम १०७ खालच्या जप्ती-लिलावाच्या कारवाईतला उशीर ही वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात कार्यालयातील माणसे कमी असतात. दुसऱ्यात मात्र अनेकदा संस्थेने मालमत्तेचा उतारा आणि मूल्यांकन अपुरे जोडलेले असते. तेव्हा तक्त्यात आपलीच चूक दिसली तर ती प्रकरणे आधी दुरुस्त करा.

मागणी एकच ठेवा. भेटीला पाच जण पुरे. त्यात आमदारांच्या ओळखीच्या गावचा, पैसे अडकलेला एक ठेवीदार असू द्या. एप्रिल-मेमध्ये लग्नाच्या मांडवात निवेदन देऊ नका. ते हारासोबत गाडीच्या मागच्या सीटवर जाते. शनिवार-रविवारी संपर्क कार्यालयात स्वीय सहायकाकडून वेळ घ्या.

वेळही पाहा. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी द्यावा लागतो. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला भरते. नागपूरसाठी म्हणजे दिवाळीच्या सुमारासच भेट हवी. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच चार ओळींत लिहून न्या. प्रश्न लागला नाही तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना, द्यायला सुचवा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रश्न मंत्रालयातून पुण्याला सहकार आयुक्तांकडे, तिथून नाशिकच्या विभागीय सहनिबंधकांकडे, मग नंदुरबारच्या उपनिबंधकांमार्फत तुमच्याच सहायक निबंधकांकडे येतो. उत्तराची माहिती तेच लिहून पाठवतात. म्हणून तक्त्याची प्रत त्यांना आधीच द्या आणि पोच घ्या, म्हणजे उत्तरात 'एकही प्रकरण प्रलंबित नाही' असे छापता येणार नाही.

सत्काराचा आणि जाहिरातीचा खर्च संस्थेच्या खात्यातून करू नका. लेखापरीक्षणात तो आक्षेप म्हणून तुमच्याच नावावर येईल.

पगारदारांच्या पतपेढ्यांसाठी विधान परिषदेचे नाशिक विभाग शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचे आमदारही आहेत. त्यांच्याकडे फारसे कोणी जात नाही.

माझी ठेव बहुराज्यीय पतसंस्थेत आहे. आमदार म्हणतात 'माझ्या हातात नाही.' हे खरे का? आणि ५ लाखांचा विमा मिळतो ना?
– एक ठेवीदार, शिरपूर

पहिले खरे आहे. बहुराज्यीय संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात. त्यांचे केंद्रीय निबंधक दिल्लीत बसतात, विषय केंद्राच्या सहकार मंत्रालयाचा. २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपालाची तरतूद झाली आहे, तिथे ठेवीदाराला स्वतः तक्रार करता येते. तेव्हा खासदारांकडे जा. फक्त एक लक्षात ठेवा : शिरपूर आणि साक्री हे धुळे जिल्ह्यात असले तरी लोकसभेला नंदुरबार मतदारसंघात येतात. धुळ्याच्या खासदारांच्या कार्यालयात दिलेला अर्ज पुढे पाठवण्यातच वेळ जातो.

विमा नाही. ५ लाखांपर्यंतचे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे. पतसंस्था राज्याची असो की बहुराज्यीय, तिला ते लागू नाही. कोणी पावतीवर तसे छापले असेल तर ती पावती जपून ठेवा आणि तिची छायाप्रत तक्रारीला जोडा.