बेरोजगारीचा दर कसा वाचावा?

प्रश्न : बेरोजगारीचा दर उतरल्याची बातमी वाचली. पण नवी नोकरी लागलेले कुणी दिसत नाही. मग आकडा खोटा समजायचा का?

उत्तर : खोटा असेलच असे नाही. तो कशाला भागून काढलाय ते आधी पाहा. हा दर एकूण लोकसंख्येवर नसतो. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जी श्रमशक्ती होते, तिच्यात शोधणाऱ्यांचा वाटा किती, एवढेच तो सांगतो.

15 वर्षे आणि त्यापुढचे 1000 लोक धरा. 560 कामावर, 40 शोधात आणि उरलेले 400 शिकणारे, निवृत्त, घर सांभाळणारे. श्रमशक्ती 600, म्हणून दर 6.7 टक्के. आता शोधणाऱ्यांपैकी 20 जणांनी नकार पचवून पचवून अर्ज करणेच सोडले. काम त्यांना आजही हवे आहे, पण नियमाप्रमाणे ते श्रमशक्तीबाहेर गेले. उरले 20 भागिले 580, म्हणजे 3.4 टक्के. दर जवळपास निम्मा झाला आणि काम एकालाही मिळाले नाही!

म्हणून दरासोबत दोन आकडे पाहायचेच. एक, श्रमशक्ती सहभाग दर. तो इथे 60वरून 58 टक्क्यांवर आला. दुसरा, लोकसंख्येत कामावर असलेल्यांचे प्रमाण. ते 56 टक्क्यांवरच आहे. बेरोजगारी घटली आणि हे दुसरे प्रमाण जागचे हलले नाही, तर आनंद मानायचे कारण नाही. शोध सोडलेल्या पण कामाला तयार असलेल्यांना धरून काढायचा विस्तारित दरही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मानकांत आहे. उरलेल्या 400 जणांना काम नकोच आहे असे मानले, तर आपल्या उदाहरणात तो 6.7 टक्केच राहतो. आमच्या मते हा आकडा मथळ्यात यायला हवा.

प्रश्न : आठवड्याला दोन तास शिकवणी घेणारा पदवीधर बेरोजगारांत मोडतो का?

उत्तर : नाही. पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तास काम केले, तरी माणूस कामावर धरला जातो. बेरोजगार ठरायला तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात : त्या आठवड्यात काम शून्य, गेल्या चार आठवड्यांत शोधाची ठोस हालचाल (अर्ज, मुलाखत, ओळखीत विचारणा) आणि काम मिळाल्यास साधारण दोन आठवड्यांत रुजू व्हायची तयारी. शिकवणीवाल्याला जास्त तास हवे असतील, तर त्याची गणना अपुऱ्या रोजगारात होते. तो आकडा वेगळा छापतात आणि बातमीत तो सहसा येत नाही.

चूक होते ती प्रश्न विचारताना. ‘तुम्ही काम करता का?’ एवढेच विचारले, तर घरच्या दुकानात रोज चार तास बसणारी बाई ‘नाही, घरीच असते’ म्हणते. वास्तविक बिनपगारी कुटुंब-कामगारही कामावरच धरायचे असतात. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत दुकान, शेतमाल विक्री, घरबसल्या शिवणकाम असे एकेक नाव घेऊन विचारतात.

प्रश्न : बेरोजगारीचे प्रकार आकड्यांत ओळखता येतात का?

उत्तर : एकट्या माणसाकडे पाहून नाही, अनेकदा दोन कारणे एकत्र असतात. समूहात मात्र खुणा दिसतात. बेरोजगारांच्या संख्येशेजारी रिक्त जागांची संख्या मांडा. बेरोजगार वाढले आणि रिक्त जागा आटल्या, तर मागणीच घसरली आहे. ही चक्रीय बेरोजगारी. दोन्ही एकदम वाढत असतील, तर जागा आहेत पण कौशल्य किंवा ठिकाण जुळत नाही; हा संरचनात्मक प्रकाराचा संशय. विल्यम बेव्हरिज यांच्या नावाने ओळखला जाणारा वक्र हेच दाखवतो. बेकारीचा काळ थोड्या आठवड्यांचा असेल, तर बहुधा नोकरी बदलतानाचा खंड, म्हणजे घर्षणात्मक बेरोजगारी. वर्ष उलटले तर मामला गंभीर, कारण तोवर कौशल्यही मागे पडू लागते.

हंगामी बेरोजगारीसाठी लगतच्या महिन्यांची तुलना करू नका. गेल्या वर्षीचा तोच महिना घ्या किंवा हंगामी चढउतार वगळलेली मालिका वापरा.

छुपी बेरोजगारी मात्र या दरात येतच नाही. तिघांपुरत्या शेतावर पाच जण राबत असतील, तर पाचही कामावरच मोजले जातात. दोघे निघून गेले आणि पीक तेवढेच आले, तरच ती उघडी पडते. तिचा माग उत्पादकतेच्या आणि कामाच्या तासांच्या आकड्यांत काढावा लागतो.