घटनेचा अर्थ काळाबरोबर बदलावा का, आणि बदलायचा तर कुणी, कसा?

तुमचा प्रश्न असा: 1950 साली राज्यघटनेचा आणि लोकशाहीचा जो अर्थ होता तोच धरून राहायचं, की काळाप्रमाणे तो बदलू द्यायचा? आणि न्यायाधीशच अर्थ बदलणार असतील तर लिखित घटना ठेवायची कशाला?

माझं मत: बदलावा. पण घटनेतल्या प्रत्येक ओळीचा नाही. आणि ज्याला नवा अर्थ हवा आहे त्याने तो घटनेच्या मजकुरातूनच काढून दाखवला पाहिजे. ‘जमाना बदलला’ एवढं कारण पुरत नाही. तसं असेल तर ते संसदेत जाऊन सांगावं.

आधी ज्या ओळींना हात लावता येत नाही त्या बघू. मतदानाचं वय 21 होतं, ते 18 झालं. ते कुठल्या न्यायाधीशाने तरुणाई शहाणी झाली म्हणून केलं नाही. त्यासाठी 61वी घटनादुरुस्ती लागली आणि ती 1989 मध्ये लागू झाली. आकडा लिहिलेला असेल तर तो आकडाच. घटनादुरुस्तीची वाट कलम 368 मध्ये आहे: दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश, आणि काही विषयांत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही.

मुंबईकरांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. कलम 243-यू म्हणतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. यात अर्थ लावायला जागाच नाही. तरी आपल्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ 227 नगरसेवकांच्या जागी एकटा प्रशासक बसला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात होते हे खरं. पण लोकशाहीचं नुकसान दर वेळी अर्थ बदलल्यानेच होतं असं नाही. अर्थ अगदी स्पष्ट असूनही तो पाळला जात नाही, तेव्हा जास्त होतं.

आता मोकळ्या शब्दांकडे. ‘जीवित’, ‘व्यक्तिगत स्वातंत्र्य’, ‘समानता’ हे शब्द घटनाकारांनी मुद्दाम व्याख्या न देता ठेवले. कलम 21 सांगतं की कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. 1950 मध्ये गोपालन खटल्यात न्यायालयाने याचा अर्थ लावला तो असा: कायदा आहे ना, त्यातली पद्धत पाळली ना, मग संपलं. ती पद्धत अन्यायकारक असली तरी चालेल. 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात, पासपोर्ट जप्त करण्यावरून, न्यायालय म्हणालं की ती पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. कलमातलं अक्षरही बदललं नव्हतं. मधल्या काळात आणीबाणी होऊन गेली होती आणि जुन्या अर्थाने काय होतं ते 1976 मध्ये दिसलं होतं: नऊ उच्च न्यायालयांचं मत बाजूला सारून सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात. बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते. 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्कावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला, आणि तसं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. अर्थ कधीच बदलू नये म्हणणाऱ्यांनी 1976 चा निकाल आजही चालला असता का, याचं उत्तर द्यावं.

आणि हेच थोरले चंद्रचूड सरन्यायाधीश असताना 1985 मध्ये मुंबईतून गेलेल्या खटल्यात कलम 21 आणखी रुंद झालं. 1981 च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून गावी पाठवण्याचं जाहीर केलं होतं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. पाच न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं: उपजीविका काढून घेतली तर जीवित उरतं कुठे? माणूस फुटपाथवर राहतो कारण काम तिथून जवळ आहे. जागा गेली की काम गेलं. म्हणजे ‘जीवित’मध्ये उपजीविका आलीच.

हा निकाल ऐकीव माहितीवर सांगणारे इथेच थांबतात. पुढे वाचलं तर चित्र बदलतं. 1888 च्या महापालिका कायद्याचं कलम 314 आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढण्याचा अधिकार देतं. न्यायालयाने ते कलम रद्द केलं नाही. अधिकार आहे म्हणजे तो दर वेळी नोटिशीशिवायच वापरावा असं नाही, सहसा आधी म्हणणं ऐका, असा त्याचा अर्थ लावला. फुटपाथ वा सार्वजनिक जागा अडवायचा हक्क कुणालाच नाही, हेही सांगितलं. ज्यांची 1976 च्या गणनेत नोंद होती त्यांना पर्यायी जागा, आणि पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, हात लावायचा नाही. थोडक्यात हक्क जिंकला, फुटपाथ गेला. न्यायालय अर्थ रुंद करू शकतं, पण घरं बांधायची यंत्रणा आणि पैसा त्याच्या हातात नाही. नव्या अर्थाची ही नेहमीची अडचण आहे. शिक्षणाचा हक्क 1993 मध्ये निकालातून आला, तरी मजकुरात कलम 21-अ यायला 2002 ची 86वी दुरुस्ती लागली आणि त्याचा कायदा 2009 मध्ये झाला.

आता उलटं उदाहरण, तेही मुंबईचंच. अर्थ बदलणं म्हणजे नेहमी गरिबाच्या बाजूने बदलणं, असा समज त्याने जातो. दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा उपकर भरणाऱ्या), आपण सेस बिल्डिंग म्हणतो त्या, इमारतींसाठी म्हाडा कायद्यात 1986 मध्ये प्रकरण 8-अ घातलं गेलं. 70 टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मालकाची इमारत आणि जमीन ताब्यात घ्यायची, मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. पागडीच्या, म्हणजे जुन्या नियंत्रित भाड्याच्या, खोलीचं भाडं किती कमी असतं ते माहीत असेल तर हा मोबदला म्हणजे काय ते लगेच कळेल. मालकांनी 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं. मुद्दा कलम 39(ब) चा. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हिताचं व्हावं असं धोरण राज्याने ठेवावं, असं ते सांगतं. मग ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ यात खासगी मालमत्ता येते का?

निकाल आला 5 नोव्हेंबर 2024 ला, नऊ न्यायाधीशांकडून. बहुमत म्हणालं, प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही. काही येऊ शकते. ती कशा प्रकारची आहे, किती दुर्मिळ आहे, थोड्या हातांत एकवटली आहे का, समाजावर काय परिणाम होतो, हे बघून ठरवायचं. जुना अर्थ, म्हणजे सगळीच मालमत्ता येते हा, न्या. कृष्ण अय्यर यांचा 1977 चा. तो त्या निकालात तीन जणांचा होता. उरलेल्या चार जणांनी आपण त्याच्याशी सहमत आहोत असं समजू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी 1983 मध्ये पाच जणांच्या पीठाने त्याचाच आधार घेतला आणि पुढे तोच कायदा समजला जाऊ लागला. अर्थ असा चुकूनही बदलतो. कुणी ठरवून, कारण देऊन बदलला म्हणून नव्हे, तर मागचा निकाल नीट न मोजल्यामुळे. 2024 च्या बहुमताने कृष्ण अय्यर एका विशिष्ट आर्थिक विचाराला धरून होते अशी टीका केली. न्या. नागरत्ना यांना ती भाषा पटली नाही, आणि मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. 1977 चा न्यायाधीश 1977 च्या अर्थव्यवस्थेत बसला होता, आणि 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतरची नजरही एका विचाराचीच नजर आहे.

तेव्हा ओल्गा टेलिस आवडतो म्हणून ‘बदल हवा’ आणि 2024 चा आवडत नाही म्हणून ‘बदल नको’, असं करता येत नाही. दोन्हींना एकच कसोटी लावायची: नवा अर्थ मजकुराच्या शब्दांत बसतो का, जुना का सोडला ते सांगितलं का, आणि पीठ पुरेसं मोठं होतं का.

पीठाच्या आकाराकडे लोक लक्षच देत नाहीत. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर कलम 145(3) प्रमाणे किमान पाच न्यायाधीश लागतात. पाच जणांचा निकाल पाच जण मोडू शकत नाहीत. शंका आली तर मोठ्या पीठाकडे पाठवावं लागतं. खासगीपणासाठी नऊ जण का बसले? आड येणारे 1954 आणि 1962 चे निकाल अनुक्रमे आठ आणि सहा जणांचे होते म्हणून. हा उशीर त्रासदायक आहे, सेस बिल्डिंगच्या प्रश्नाला 32 वर्षं लागली. पण त्यामुळेच दोन न्यायाधीशांच्या मर्जीने घटना हलत नाही. आणि वेळ गेला म्हणून अर्थ आपोआपही बदलत नाही: 1951 चा मुंबई उच्च न्यायालयाचा नरसू आप्पा माळी निकाल, म्हणजे विवाह, वारसा अशा बाबतींतल्या धर्मावर आधारलेल्या व्यक्तिगत कायद्यांना मूलभूत हक्कांची कसोटी लागत नाही हा, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी 2018 मध्ये त्यावर टीका केली तरी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे मोडलेला नाही.

‘मग लिखित घटना कशाला’ याचं उत्तर केशवानंद भारती खटल्यात आहे. 24 एप्रिल 1973, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा: संसद घटनेत बदल करू शकते, मूलभूत चौकट मोडू शकत नाही. दोन्ही बाजूंचे बिनीचे वकील मुंबईचे होते, केशवानंद यांच्याकडून नानी पालखीवाला आणि केरळ सरकारकडून एच. एम. सीरवाई. सीरवाईंनी या सिद्धांताला कडाडून विरोध केला. आणीबाणी पाहिल्यावर त्यांनी आपलं मत बदललं. या चौकटीची चाहूलही 1965 मध्ये न्या. मुधोळकरांच्या निकालात लागली होती: मूलभूत वैशिष्ट्यच बदललं तर ती दुरुस्ती म्हणायची की घटनेचं पुनर्लेखन, असं त्यांनी विचारलं होतं. पण ‘मूलभूत चौकट’ हे शब्द घटनेत नाहीत, म्हणजे माझ्या कसोटीवर हा निकाल काठावरच आहे. ‘दुरुस्ती’ या शब्दातच मूळ वस्तू शिल्लक राहणं आलं, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटतो. तुम्हाला वाटेलच असं नाही.

घटनाकारांना काय हवं होतं असं कुणी विचारलं तर 25 नोव्हेंबर 1949 चं बाबासाहेबांचं भाषण वाचा. प्रत्येक पिढी स्वतंत्र राष्ट्रासारखी असते, ती पुढच्या पिढीला बांधू शकत नाही, हे अमेरिकी मुत्सद्दी जेफर्सनचं म्हणणं त्यांनी तिथे उचलून धरलं आहे.

कुठलाही घटनेचा निकाल स्वतः तपासायचा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. शेवटच्या आदेशाची पानं आधी वाचा, मग पीठ किती जणांचं ते बघा, मग भिन्न मत असेल तर ते, आणि बहुमताची कारणं सगळ्यात शेवटी. वर्तमानपत्रातला मथळा बहुतेक वेळा बहुमताच्या कारणांतून आलेला असतो, आणि प्रत्यक्षात कुणाला काय मिळालं ते आदेशाच्या पानांत असतं.