लव्हाळा उपटून का जात नाही? बागेतल्या तणांविषयी वाचकांचे प्रश्न

पहिल्या पावसानंतर आलेल्या पत्रांत यंदाही तणांचीच तक्रार मोठी आहे. लव्हाळा आणि हरळी ही दोन तणं सगळ्यांत चिवट, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे. बाकीची उत्तरं त्या मानाने आटोपशीर आहेत.

प्रश्न: घरामागे थोडा भाजीपाला करतो. जमीन काळी आहे. लव्हाळा सारखा उपटतो, तरी चार दिवसांत वाफा पुन्हा हिरवा. गेल्या वर्षी काळा मल्चिंग पेपर (तण दाबायचं पातळ प्लास्टिक) अंथरला, तर तो भोसकून लव्हाळा वर आला. आता तणनाशक मारावं का? (एक वाचक, सांगली)

लव्हाळ्याची पाती ओढली की ती जमिनीखाली दोन-तीन सेंटीमीटरवर, फुगीर बुडख्यापाशी तुटते. खरा लव्हाळा त्याच्याही खाली असतो. तपकिरी-काळ्या, उग्र वासाच्या गाठी बारीक तंतूंनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. बहुतेक गाठी वरच्या 15 सेंटीमीटरच्या थरात सापडतात, काही त्याहून खोल. माळेतली एखादी गाठ उगवलेली असते तेव्हा बाकीच्या बऱ्याच गाठी नुसत्या पडून राहतात. कुदळीने माळ तुटली की सुट्या झालेल्या गाठी आपापला कोंब काढतात. भर पावसाळ्यात ‘एकदाचा खणून काढू’ म्हणून केलेल्या खणणीने लव्हाळा वाढतो, तो यामुळेच.

तुमचं उपटणं चुकीचं नाही, त्यात खंड पडतो हे चुकतं. प्रत्येक कोंबासाठी गाठीला साठवलेलं अन्न खर्चावं लागतं. पण एका गाठीवर अनेक डोळे असतात, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा फुटू शकते. उगवल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत रोप खाली नव्या गाठी धरू लागतं. म्हणून कुठल्याही कोंबाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त जगू द्यायचं नाही, हा नियम ठेवा. गणपतीच्या गडबडीत महिनाभर वाफ्याकडे पाहिलं नाही, तर आधीची बरीचशी मेहनत पाण्यात जाते.

काढण्याची रीत अशी. वाफ्याला पाणी द्या किंवा पावसानंतर थांबा, आणि वाफसा आला (माती ओलसर, पण हाताला न चिकटणारी झाली) की अरुंद पात्याचं खुरपं रोपापासून तीन-चार बोटं लांब, सरळ 12 ते 15 सेंटीमीटर खोल घाला. मग माती खालून उचला, म्हणजे गाठ रोपासकट वर येते. चिखलात हे जमत नाही, कोरड्या ढेकळांत तर मुळीच नाही. ढेकूळ हाताने फोडून त्यातल्या गाठी घमेल्यात वेचा. या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, तिथे त्या आरामात जगतात. गच्चीवर किंवा फरशीवर कडक उन्हात दोन-तीन आठवडे वाळवा. नखाने दाबल्यावर आतून पांढरी आणि ओली लागली, तर ती गाठ अजून जिवंत आहे.

मोठा घाव घालायचा तो एप्रिल-मे महिन्यांत. वाफा रिकामा ठेवा, पाणी पूर्ण बंद करा, 20 ते 25 सेंटीमीटर खणून माती उलटी करा आणि दर आठ-दहा दिवसांनी परत उलटा. गाठ उन्हाने भाजून मरत नाही, वाळून मरते. काळ्या मातीत ढेकळाच्या पोटात ओल राहते आणि तिथली गाठ वाचते, म्हणून ढेकळं फोडणं इथे सगळ्यांत महत्त्वाचं. मध्येच वळवाचा पाऊस झाला तर कोंब दिसताच पुन्हा उलटणी करा.

लव्हाळ्याला सावली अजिबात सोसत नाही. एक-दोन वाफे वर्षभर भाजीशिवाय ठेवता येत असतील, तर जूनमध्ये ताग दाट पेरा. 10 चौरस मीटरला 60 ते 80 ग्रॅम बी पुरतं. 45 ते 50 दिवसांनी, फुलं धरायच्या आत, ताग कापून जागेवरच अंथरा. रताळ्याचे किंवा चवळीचे दाट वेलही चालतात. मात्र वेल जमीन झाकेपर्यंत पहिले चार आठवडे खुरपणी तुम्हालाच करायची आहे.

मल्चिंगचा पातळ पेपर लव्हाळा भोसकतो, कारण त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो. वर्तमानपत्र आणि पुठ्ठ्याचीही तीच गत. विणलेली, 100 जीएसएम (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाची) किंवा त्याहून जाड तणरोधक चटई बरीच टिकते, पण रोपासाठी पाडलेल्या भोकातून लव्हाळा डोकावतोच. चटई वाफ्यांमधल्या वाटांवर टाका, तिथे तिचा खरा उपयोग आहे.

तणनाशक नको, असंच आमचं स्पष्ट मत आहे. ग्लायफोसेट पानातून गाठीपर्यंत उतरतं हे खरं, पण ज्या गाठीला त्या वेळी पानच नाही तिच्यापर्यंत ते कसं जाणार? शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली आहे. उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल वापरतात, पण मेथी-पालक-वांग्यांच्या मिश्र वाफ्यात त्याला जागा नाही. पॅराक्वाट तर घरात आणूसुद्धा नका. ते फक्त पाती जाळतं, गाठीला धक्का लागत नाही, आणि चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

वरचं सगळं नेटाने केलंत तर पहिल्या वर्षी लव्हाळा विरळ होईल. दोन-तीन हंगामांनी तो आटोक्यात येतो. त्याआधी नवीन माती विकत घेऊ नका, आणि घ्यावीच लागली तर अर्ध्या सेंटीमीटरच्या जाळीतून चाळून घ्या.

प्रश्न: लॉनमधली हरळी गुलाबाच्या आळ्यांत शिरली आहे. मुळं गुलाबाच्या मुळांत गुंतलीत. गुलाब न दुखावता ती कशी काढू? (एक वाचिका, नाशिक)

हरळी दोन वाटांनी येते. जमिनीवर धावणारं खोड पेरापेराला मूळ धरतं, आणि जमिनीखालचं पांढरं, टोकदार मुळखोड आडवं सरकत जातं. एक पेर मागे राहिलं तरी त्यातून नवा ठोंब उभा राहतो. त्यामुळे इथे फावडं वापरायचं नाही, त्याने फक्त तुकडे होतात. दाताळं घ्या. आदल्या दिवशी पाणी द्या, गुलाबाच्या बुंध्यापासून 30 सेंटीमीटर लांब दाताळं रोवून माती सैल करा आणि पांढरं मुळखोड हाताने, न तोडता, त्याच्या दिशेने ओढत न्या. बुंध्याजवळ फक्त बोटं आणि खुरप्याचं टोक वापरा. गुलाबाची मुळं तपकिरी आणि लाकडी असतात, हरळीचं मुळखोड पांढरट, पेरं असलेलं आणि खवल्यांनी झाकलेलं, त्यामुळे चूक होत नाही.

या कामाला ऑक्टोबरच्या छाटणीची वेळ साधा. तेव्हा आळं उघडं असतं आणि हात फिरवायला जागा मिळते. साफ केलेल्या आळ्यात वर्तमानपत्राचे आठ-दहा थर ओले करून पसरा, दोन कागद एकमेकांवर किमान 15 सेंटीमीटर चढवा आणि वर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला आठ ते दहा सेंटीमीटर टाका. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. हरळी कागद सहसा फोडत नाही, कडेने शिरते. म्हणून लॉन आणि आळं यांच्यामध्ये फरशी, पत्रा किंवा जाड प्लास्टिकची पट्टी 20 सेंटीमीटर खोल गाडा आणि पाच सेंटीमीटर जमिनीवर राहू द्या. वरचं टोक जमिनीला सपाट ठेवलं तर धावतं खोड त्यावरून सरळ पलीकडे जातं. बहुतेक घरी पट्टी निकामी होते ती इथेच.

गणपतीसाठी दूर्वा हव्यात म्हणून कोपऱ्यात हरळी राखायची असेल, तर ती कुंडीत लावा आणि कुंडी फरशीवर ठेवा. मातीवर ठेवलेल्या कुंडीच्या तळातल्या भोकातूनही ती जमिनीत उतरते.

प्रश्न: शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरून गाजर गवत आमच्या बागेत येतं. काढलं की हाताला पुरळ उठतं. (एक वाचक, पुणे)

हे परदेशी तण भारतात प्रथम नोंदलं गेलं ते पुण्यातच, 1955 च्या सुमारास. आयात गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. ‘काँग्रेस गवत’ हे त्याचंच दुसरं नाव. अंगाला खाज आणि पुरळ हे त्याचं नेहमीचं लक्षण आहे, काहींना त्याच्या परागकणांनी शिंका आणि दम्याचाही त्रास होतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे आणि तोंडाला रुमाल, एवढं झाल्याशिवाय हात लावू नका. पुरळ एकदा सुरू झालं असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा. दर संपर्कागणिक त्रास वाढत जाऊ शकतो.

पावसानंतर माती मऊ असताना मुळासकट उपटा. विळ्याने कापलं तर बुडाशी पुन्हा फुटतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पांढरी फुलं येतात आणि एक मोठं झाड हजारो बिया टाकतं, तेव्हा काम फुलांच्या आत उरकायला हवं. फुलं नसलेलं गवत कंपोस्टमध्ये चालतं. फुलावर आलेलं आधी पोत्यात भरा, मग हलवा.

शेजारचा प्लॉट हाताबाहेर असेल तर मालकाच्या परवानगीने तिथे तरोट्याचं म्हणजे टाकळ्याचं बी मे महिन्यात विखरून टाका. पावसात तो दाट उगवतो आणि गाजर गवताला दाबतो. पानांवर फिकट पिवळसर पाठीवर तपकिरी नागमोडी रेषांचे, सहा मिलिमीटरचे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले आहेत आणि 1984 पासून भारतात सोडले गेले. ते पावसाळ्यात गाजर गवताची पानं फस्त करतात आणि थंडीत जमिनीत दडून बसतात. तुम्ही रसायन फवारलंत तर आधी तेच मरतात.

प्रश्न: गच्चीवरच्या प्रत्येक कुंडीत आंबुशी. नवीन माती भरली तरी येते. (एक वाचिका, ठाणे)

पिवळ्या फुलांच्या आंबुशीच्या शेंगा पिकल्या की फुटतात आणि बी मीटरभर लांब उडतं, म्हणजे एका कुंडीतली आंबुशी शेजारच्या चारांत पोहोचते. बी मातीच्या वरच्या थरात, उजेडात उगवतं. त्यामुळे शेंगा यायच्या आत उपटा, वरची दोन सेंटीमीटर माती खरवडून टाका आणि कुंडीच्या तोंडावर तीन-चार सेंटीमीटर नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा खडी पसरा. नर्सरीतून आणलेलं रोप मोठ्या कुंडीत लावण्यापूर्वी त्याच्या पिशवीतली वरची माती काढा, आंबुशी बहुधा तिथूनच येते.

फूल गुलाबी-जांभळं आणि पानं मोठी असतील तर ती दुसरी जात. तिच्या बुडाशी लहान लहान कंद असतात आणि ओढल्यावर ते सुटून मातीत राहतात. अशी कुंडी पूर्ण रिकामी करून माती चाळा. मूळ झाड धुऊन, त्याच्या मुळांतले कंद वेचून नव्या मातीत लावा.

प्रश्न: शेणखत घातल्यापासून तण दुप्पट झालं. खत बंद करू का? (एक वाचक, सातारा)

खत नका बंद करू, कच्चं खत बंद करा. गुरांनी खाल्लेल्या अनेक तणांचं बी शेणातून धडधाकट बाहेर पडतं. ढिगाच्या पोटात 55 अंश सेल्सियसच्या वर उष्णता काही दिवस टिकली तर त्यातलं बहुतेक मरतं, पण घराजवळचा टोपलीभर ढीग तेवढा तापतच नाही. ढीग तिन्ही बाजूंनी निदान मीटरभर असावा. मूठभर खत दाबल्यावर हाताला ओल लागेल पण पाणी टपकणार नाही, इतपत तो भिजलेला ठेवा. आठ-दहा दिवसांनी उलटताना कडेचं खत मध्ये घाला, कारण कडेला बी वाचतं. सळई खुपसून मिनिटभराने बाहेर काढल्यावर हात लावताच चटका बसला तर ढीग तापला आहे.

आधीच घातलेल्या खताचं तण फसवून उगवून घ्या. वाफा तयार करा, पाणी द्या, पण पेरू नका. दहा-पंधरा दिवसांत तण वर आलं की वाफशावर फक्त वरची दोन-तीन सेंटीमीटर माती खुरप्याने खरवडा. खोल खुरपलंत तर खालचं ताजं बी वर येईल. यानंतर लगेच पेरा. मेथी-कोथिंबिरीसारख्या दाट पिकांना, जिथे नंतर खुरपं फिरत नाही, हा एवढा उशीर नक्की परवडतो.

प्रश्न: अंगणात चिऱ्यांच्या फटींतून गवत येतं. मीठ आणि व्हिनेगर शिंपडलं तर? (एक वाचिका, रत्नागिरी)

घरगुती व्हिनेगर पानं करपवतं, मूळ राहतं. मीठ पावसाबरोबर जवळच्या माडाच्या, फुलझाडांच्या मुळांशी जातं आणि माती खराब करतं. उकळतं पाणी बरं: सरळ फटीत ओता, आठवड्याने पुन्हा ओता. कोवळं गवत जातं, जुन्या ठोंबांना तीन-चार वेळा लागतं. चप्पल घातल्याशिवाय हे करू नका, आणि मुलांना, मांजरांना लांब ठेवा. पाऊस गेल्यावर फटी खरवडून त्यात बारीक वाळू घट्ट दाबून भरा.

प्रश्न: केना उपटून बांधावर टाकतो, तो तिथेच पुन्हा रुजतो. काय करावं? (एक वाचक, अकोला)

केन्याच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं आणि पावसात टाकलेला तुकडा दोन दिवसांत उभा राहतो. शिवाय त्याला जमिनीखालीही फुलं येतात. पांढऱ्या, पान नसलेल्या फांद्यांवर मातीतच बी धरतं, वरून काही दिसत नाही. त्यामुळे निळी फुलं दिसेपर्यंत थांबू नका, उगवल्यावर तीन आठवड्यांच्या आत मुळासकट काढा. काढलेला केना काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा, किंवा पिंपात पाण्याखाली वजन ठेवून महिनाभर कुजवा. पिंपावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. कुजलेलं पाणी गाळून एकास दहा प्रमाणात पातळ करा आणि झाडांना द्या. कोवळी पानं मात्र आधी खुडून घ्या, भजी छान होतात. अट एकच, त्या जागी कुठलीही फवारणी झालेली नसावी.