कवडीपाटच्या माळभिंगऱ्या न्यूकॅसलला?

प्रश्न : मार्चअखेर मुलाकडे न्यूकॅसलला जातेय. पुण्याजवळच्या कवडीपाटला तारांवर बसणाऱ्या माळभिंगऱ्याच (स्वॅलो पक्षी) उन्हाळ्यात तिकडे जातात का? आणखी काय दिसेल?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, जात तीच, पण या त्या नव्हेत. आपल्याकडच्या हिमालयाकडे आणि त्याच्याही उत्तरेला परततात. ब्रिटनमधल्या हिवाळा दक्षिण आफ्रिकेत काढतात आणि बहुतेक एप्रिलमध्ये पोचतात. लगेच दिसल्या नाहीत तर हिरमुसू नका. आपल्या धोबी पक्ष्याचा काळ्या पाठीचा भाऊबंद मात्र पार्किंगमध्येसुद्धा शेपटी हलवत फिरताना दिसेल.

खरी गंमत टाईन नदीच्या पुलावर. किटीवेक हे समुद्री कुरव (गल पक्षी) एरवी कड्यांवर घरटी करतात. इथे समुद्रापासून सुमारे तेरा किलोमीटर आत, भर शहरात, पुलाच्या अरुंद कडांवर त्यांची वसाहत भरते. ओरडतातही स्वतःचंच नाव, ‘किटी-वेक’. खाली उभं राहून बघायचं तर टोपी घाला, कारण सांगायला नको.

रंगीत चोचीच्या पफिन पक्ष्यांसाठी न्यूकॅसलच्या उत्तरेकडच्या फार्न बेटांची घाई नको. मार्चअखेर ते नुकते परतू लागतात. मुक्काम लांबला तर मे-जूनमध्ये किनाऱ्यावरच्या सीहाउसेस गावाहून बोटीने जा. आणि पुण्यातला स्वेटर तिथल्या वाऱ्याला पुरणार नाही.