लॉ कॉलेजच्या लायब्ररीतलं लीगल रिसर्चचं ट्रेनिंग करावं का, की इंडियन कानून पुरतं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजने दोन शनिवार ट्रेनिंग ठेवलंय, पण इंडियन कानूनच्या वेबसाइटवर सगळी जजमेंट्स फुकट मिळत असताना त्यात वेळ का घालवायचा. जा. दोन्ही शनिवार जा. मी एकच गेलो होतो, म्हणून तर हे उत्तर लिहायला बसलोय.

ऑगस्ट २०१४. एलएलबीचं शेवटचं वर्ष. आमच्या ग्रंथपाल मॅडमनीही असेच दोन शनिवार ठेवले होते. पहिल्याला वीसेक पोरं, त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला आलेली. त्याच महिन्याच्या १ तारखेला सुप्रीम कोर्टाचा दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला होता. तोवर चेक बाउन्सची केस कुठे घालायची याला १९९९ चा के. भास्करनचा निकाल लागायचा आणि फिर्यादीला निवडायला बरीच ठिकाणं असायची. दशरथने ते मोडलं: चेक ज्या शाखेवर काढलाय, तिथल्याच कोर्टात जा. मॅडमनी पडद्यावर आधी भास्करन उघडला, मग तिथून दशरथपर्यंत कसं पोचायचं ते दाखवलं. पुस्तकात सापडलेलं जजमेंट पुढे कोणी ओव्हररूल केलं का, हे बघायची वाट एवढीच. मला ते इतकं आवडलं की दशरथचं सायटेशन, म्हणजे तो कुठल्या खंडात कोणत्या पानावर छापलाय तो पत्ता, पाठच झालं, (२०१४) ९ एससीसी १२९. आजही झोपेतून उठवलंत तर सांगेन.

दुसऱ्या शनिवारचा विषय होता, निकाल कोर्टाने न बदलता कायदेमंडळाने बदलला तर. त्या दिवशी मी सिंहगडावर पिठलं-भाकरी खात होतो.

२०१७ मध्ये मी एका सीनिअरकडे ज्युनिअर होतो. आमचा पक्षकार निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ मधला, म्हणजे चेक बाउन्सचा आरोपी. चेक नाशिकच्या शाखेवरचा, फिर्यादीचं खातं पुण्यात, केस पुण्यात. मी खूश! पुण्याच्या कोर्टाला अधिकारक्षेत्रच नाही असा अर्ज ठोकला आणि दशरथची प्रिंट पिवळ्या मार्करने रंगवून घेऊन गेलो. समोरच्या वकीलबाई पन्नाशीच्या. हातात एकही प्रिंट नाही, फक्त खाकी कव्हर घातलेला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसत्या कलमांचं पुस्तक. माझं वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि उठून म्हणाल्या, "सर, १४२ चं पोटकलम २ वाचावं." बस्स, खाली बसल्या.

त्याच कायद्यातलं ते पोटकलम २०१५ च्या दुरुस्तीने आलंय, १५ जून २०१५ पासून लागू. चेक खात्यात भरला असेल, तर फिर्यादीचं खातं ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात केस चालणार. म्हणजे जो दशरथ मी छातीशी धरून आलो होतो, तो या मुद्द्यावर जवळपास दोन वर्षं निकामी होता. ब्रिजस्टोन इंडिया विरुद्ध इंदरपाल सिंग यात सुप्रीम कोर्टानेही नोव्हेंबर २०१५ मध्येच ते स्पष्ट केलं होतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी स्वतःची प्रत उघडली, कलमावर बोट ठेवलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, हे वाचलंय का?" अर्ज नामंजूर, पाचशे रुपये कॉस्ट. शिपायाने पुढची केस पुकारली तरी मी प्रिंटच गोळा करत होतो.

व्हरांड्यात सीनिअर म्हणाले, "कॉलेजात शिकवतात तरी काय रे तुम्हाला?" याचं उत्तर तेव्हा दिलं नाही, आज देतो. सर, कॉलेजात शिकवलं होतं, मीच गेलो नव्हतो. पण ऑफिसात एससीसी ऑनलाइनचं, म्हणजे निकाल शोधायच्या वर्गणीवाल्या साइटचं लॉगिन होतं ते फक्त तुमच्या लॅपटॉपवर, पासवर्ड तुमच्या डोक्यात, आणि दोनदा मागितलं तर "संध्याकाळी बघू". खुर्चीमागे एआयआरचे, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकाल छापणाऱ्या नियतकालिकाचे बांधीव खंड होते, तेही २००८ ला थांबलेले. नागपूरच्या एआयआरला १९१४ पासूनची परंपरा आहे, पण वर्गणी बंद पडलेले खंड म्हणजे फोटो काढायची भिंत. आणि अर्जावर सही तुमची होती.

असो. इंडियन कानूनला मी नावं ठेवत नाही, २००८ पासून त्याने जिल्हा कोर्टातल्या वकिलांना जगवलंय. एखाद्या निकालाचा पुढे कोणत्या निकालांत उल्लेख झाला ते तिथेही दिसतं. पण उल्लेख मान्य करून केला की बाजूला सारून, हे उघडून वाचावंच लागतं आणि ते वाचायची सवय एकट्याने लागत नाही. सुप्रीम कोर्टाचा स्वतःचा ऑनलाइन निकालसंग्रह, ई-एससीआरही २०२३ पासून फुकट आहे. तुम्ही तर आणखी अवघड काळात आहात. १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेलं, बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा कलम ३०२ वरून १०३ वर गेली, आणि बीएनएसचं ३०२ आता धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. नुसता आकडा टाकून शोधलंत तर काय हाती येईल बघा. एआयला विचारायचा विचार असेल तर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांना चॅटजीपीटीने रचलेली खोटी जजमेंट्स कोर्टात दिल्याबद्दल पाच हजार डॉलर दंड झाला, तेवढं आठवा. माझी कॉस्ट पाचशे रुपयेच होती.

आता थोडं सीनिअरच्या बाजूने. उलटतपासणी मी त्यांच्याकडेच शिकलो, आणि १४२(२) बघायला कुठलंच लॉगिन लागत नव्हतं, सरकारच्या इंडिया कोड साइटवर सगळे केंद्रीय कायदे फुकट आहेत. शिवाय सगळीच ट्रेनिंगं चांगली नसतात. कंपनीचा माणूस येऊन नुसती बटणं दाखवत असेल तर पाठीमागे बसा, पण ग्रंथपाल स्वतः घेणार असतील तर पुढे बसा. जाताना स्वतःचा एक खरा प्रश्न घेऊन जा.

आणि उद्या कोणाच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून जाल, तेव्हा स्टायपेंडच्या आधी लॉगिन कोणाकडे असतं ते विचारा. कॉलेजचं लॉगिन परीक्षेपर्यंत चालतं की सनद मिळेपर्यंत, तेही त्याच शनिवारी विचारून घ्या. आमचं परीक्षेनंतर बंद झालं होतं.