नेवाडातला ‘चकर’ आणि आपला चकोर

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात सरकारी माळांवर ‘चकर’ नावाच्या पक्ष्याची शिकार होते. हा आपला चकोरच का? की मराठीत त्याला ‘डोंगरी तित्तर’ असे काही म्हणावे?

बेलाशक चकोर म्हणा. पक्षी तोच आणि नावही तेच. इंग्रजांनी हे नाव हिंदुस्थानात उचलले. १८९३ मध्ये कराचीहून काही जोड्या अमेरिकेत गेल्या. नेवाडाने १९३५ पासून हा पक्षी डोंगरांत सोडला आणि १९४७ मध्ये तिथे शिकारीचा पहिला हंगाम झाला. त्याची ‘चक-चक-चकर’ अशी हाक ऐकली की मूळ संस्कृत नावही हाकेवरूनच पडले असावे असे वाटते.

आपल्याला अडखळायला होते ते चांदण्यामुळे. चकोर महाराष्ट्रात नाही, तो हिमालयाच्या उघड्या, खडकाळ उतारांवरचा. त्यामुळे तो आपल्याला भेटला कवितेतच. प्रत्यक्षात तो तित्तराच्या कुळातला, जमिनीवर दाणे टिपणारा पक्षी आहे. चोच आणि पाय लालभडक, डोळ्यांवरून गळ्याकडे उतरलेला काळा पट्टा. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चकोरांची तलगे, म्हणजे पिल्ले, शरदाच्या चंद्रकळेतले कोवळे अमृतकण ‘वेंचिती’. पितात असे नव्हे, वेचतात! कण टिपणाऱ्या पाखराला याहून नेमके क्रियापद मला तरी सुचत नाही.

नेवाडात त्याला सेजब्रशची झुडपे, कडेकपारी आणि चीटग्रास नावाचे गवत लागते. चीटग्रासही बाहेरून आलेले. चकोर त्याचे बी आणि कोवळी पाती खातो, पण तेच गवत वाळले की वणवे पसरवते. उन्हाळ्यात पाण्यासाठी पावसाचे पाणी साठवणारी छोटी टाकी डोंगरात बांधलेली असतात. चाहूल लागली की चकोर चढावर पळत सुटतो आणि उडतो मात्र उताराकडे, त्यामुळे शिकाऱ्याचा दम निघतो.

लिहिताना एक काळजी घ्या. ‘शिकारी पक्षी’ म्हटले की मराठी वाचकाला ससाणा किंवा गरुड दिसतो. चकोर हा ‘शिकारीचा पक्षी’. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची भाषा वापरातून जात चालली आहे, म्हणून हा ‘चा’ गाळू नये.

आणि त्या माळांना ‘गायरान’ म्हणू नका. गायरान गावाचे, गावच्या गुरांसाठी राखलेले. नेवाडाची साठ टक्क्यांहून अधिक जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे आहे. पशुपालक तिथे परवाना काढून, शुल्क भरून गुरे चारतात, आणि शिकारीचा परवाना घेतलेला कोणीही हंगामात शिकार करू शकतो. ‘सरकारी चराऊ माळ’ हे त्याला पुरेसे आहे. ‘कुरण’ही चालले असते, पण त्या शब्दाने हिरवेगार गवत डोळ्यांपुढे येते, आणि नेवाडाचे डोंगर वर्षातला बराच काळ करडे असतात.